नियम बांधतो तो फक्त इंटर्नला

संपादक महोदय,

ज्युनिअर वकिलांना महिन्याला किमान किती पैसे मिळावेत, यावर २०२४ पासून बरंच लिहून आलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये शहरी भागासाठी २० हजार आणि ग्रामीण भागासाठी १५ हजार रुपये अशी शिफारस केली. शिफारसच, सक्ती नाही. तरी विषय निघाला हे बरं झालं. पण तो सगळा मामला वकिलीची सनद हातात पडल्यानंतरचा. सनदेच्या आधी, कॉलेजात असतानाच, जी इंटर्नशिप आम्हाला करावीच लागते तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. प्रमाणपत्र अडेल म्हणून विद्यार्थी गप्प राहतात, आणि वकिलांच्या लेखी हा विषयच नसतो. म्हणून हे पत्र.

मी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षात शिकते. कॉलेज जिल्ह्याच्या ठिकाणचं. वडील दस्तलेखक आहेत. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर त्यांचं टेबल आहे आणि शाळेत असल्यापासून मी त्यांच्या शेजारी बसून खरेदीखतातल्या चतुःसीमा मोठ्याने वाचून दाखवत आले आहे. घरात वकील कोणी नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईतल्या एका मोठ्या फर्ममध्ये मी इंटर्न होते. फर्मचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही, काही जण तर फारच चांगले होते. भांडण आहे ते नियमाशी.

कौन्सिलच्या २००८ च्या ‘रूल्स ऑफ लीगल एज्युकेशन’मधला पंचविसावा नियम असा: तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप, कुठल्याही वर्षी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आणि एकदा तरी ट्रायल कोर्टात आणि अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे बसलेलं असलं पाहिजे. पोशाखसुद्धा ठरलेला आहे. पांढरा शर्ट, काळा कोट, काळा टाय. म्हणजे विद्यार्थ्याने किती आठवडे, कोणाकडे आणि कोणत्या रंगाचा टाय लावून जायचं, हे सगळं नेमकं लिहिलेलं आहे. ज्याच्याकडे जायचं त्याच्यावर मात्र कसलंही बंधन नाही. त्याने इंटर्न घ्यावा असं नाही, घेतला तर काही शिकवावं असं नाही, जाण्यायेण्याचा खर्च द्यावा असं तर नाहीच नाही. बदल्यात काहीच मिळत नसेल तर करार सहसा कोर्टात टिकत नाही, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो.

आता ‘सलग चार आठवडे’ या अटीचा परिणाम बघा. वीस आठवडे एकदम करता येत नाहीत, सुट्ट्यांमध्ये थोडे थोडे करावे लागतात. परीक्षा संपतात उन्हाळ्यात, त्यामुळे सगळ्या कॉलेजांचे सगळे विद्यार्थी एकाच वेळी अर्ज घेऊन बाहेर पडतात. आणि मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाला सुट्टी असते. सुट्टीकालीन न्यायमूर्ती तेवढी तातडीची प्रकरणं ऐकतात. जिल्हा न्यायालयंही त्याच सुमारास बंद. कोर्टाचं काम बघायला पाठवायचं आणि कोर्ट बंद असताना पाठवायचं, हे कोणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. लक्षात येऊनही ते तसंच चाललंय.

जागा मिळण्याची तऱ्हा सर्वांना ठाऊक आहे. ईमेल पाठवायचे, उत्तर येत नाही. मोठ्या फर्मच्या फॉर्ममध्ये कॉलेजचं नाव आणि सीजीपीए हे रकाने सगळ्यात वर असतात, आणि आमच्या कॉलेजचं नाव वाचून कोणी पुढे वाचत असेल असं दिसत नाही. मला जागा मिळाली ती वडिलांच्या ओळखीतल्या एका वकिलांनी शब्द टाकला म्हणून. वर्गातल्या ज्यांना असा शब्द टाकणारं कोणी नव्हतं, त्यांच्यातल्या काहींनी गावातल्याच एखाद्या वकिलाच्या लेटरहेडवर ‘चार आठवडे नियमित उपस्थित’ असं लिहून घेतलं आणि सुट्टीत शेतावर किंवा दुकानात काम केलं. त्यांना नावं ठेवायला मी धजणार नाही. ज्या घरात सुट्टीतली मुलाची कमाई मोजूनच पुढच्या वर्षाची फी ठरते, तिथे पदरमोड करून परगावी फुकट राबायला कोण पाठवेल?

फर्ममध्ये गेल्यावर आधी जे काम मिळतं तेच मिळालं. पेजिनेशन. कंपायलेशनच्या, म्हणजे कोर्टात द्यायच्या कागदांच्या गठ्ठ्याच्या, प्रत्येक प्रतीवर उजव्या कोपऱ्यात पान क्रमांक, मग अनुक्रमणिकेशी ताळा, मग कोणीतरी मधे एक परिशिष्ट वाढवतं आणि पुन्हा पहिल्यापासून. स्कॅनिंग. ‘ट्रू कॉपी’चे शिक्के. मी हे काम हलकं समजत नाही. कोर्टाच्या रजिस्ट्रीतून, म्हणजे कागद दाखल करून घेणाऱ्या कार्यालयातून, कागद परत येतो तो बहुतेकदा असल्याच कारणांनी, आणि फायलिंग बघणाऱ्या काकांना ऑब्जेक्शन्सची यादी नुसती वाचून कळायचं की कुठली अडचण आज निस्तरेल आणि कुठल्या कागदासाठी अशिलाला पुन्हा बोलवावं लागेल. त्यांच्याबरोबर काउंटरवर उभं राहून जे शिकले ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पेपरात विचारत नाहीत. काका इंटर्नना सरसकट ‘मॅडम’ किंवा ‘साहेब’ म्हणायचे. त्यात आदर किती आणि गंमत किती, याचा मला शेवटपर्यंत अंदाज आला नाही.

कोर्ट बंद, त्यामुळे लवकरच मला जमिनीच्या फायलींवर बसवलं. दुसरंही कारण होतं. आमच्या टीममधले असोसिएट, म्हणजे फर्मचे पगारी वकील, राष्ट्रीय विधी विद्यापीठातून आलेले, दुसऱ्या राज्यातले. देवनागरी वाचायचे, पण जुन्या तलाठ्याच्या अक्षरापुढे त्यांनी हात टेकले होते. टायटल, म्हणजे जमिनीची मालकी, तपासायचं म्हणजे साधारण तीस वर्षांचा मागोवा घ्यायचा: सातबारा, त्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार (नावबदलाच्या नोंदी) क्रमांक, ते ते फेरफार, इंडेक्स टूचा (नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीचा) सर्च, जुनी खरेदीखतं. सर्च क्लार्कच्या अहवालात अमुक वर्षांची पानं फाटलेली असल्याने पाहता आली नाहीत, अशा नोंदी. एका खातेदाराच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे जमीन त्याच्या एकट्याची नाही. दुसरीकडे ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं नाव, मग ते नाव कंसात, म्हणजे कमी केलेलं. ‘नवीन शर्त’ असा शेरा दिसला की विक्रीला परवानगी होती का, ते शोधा. वडिलांच्या टेबलावर हे सगळं मी बघितलेलं होतं. ज्या गोष्टीची फर्मच्या फॉर्ममध्ये विचारणाच नव्हती, तीच तिथे उपयोगी पडली.

एका फायलीबद्दल थोडं सविस्तर सांगते. गाव, गट नंबर, साल काही देत नाही. आणि असले फेरफार कुठल्याही तालुक्यात सापडतील, त्यामुळे ओळख पटण्यासारखं त्यात काही नाही. खातेदार मयत. फेरफारात वारस लिहिलेले: पत्नी, मुलगे, दोन मुली. पुढे त्याच नोंदीत, मुलींनी आपला हक्क सोडत असल्याबाबत जबाब दिल्याने त्यांची नावं कमी केली, असं. खाली दोघींची नावं आणि प्रत्येकीपुढे ‘नि. डा. हा. अं.’, म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. सर्कल ऑफिसरची सही, नोंद मंजूर. त्यानंतर सातबारावर फक्त भाऊ. आता ते भाऊ बिल्डरला जमीन देत होते आणि आमची फर्म बिल्डरकडून होती.

मी इंडेक्स टूचा सर्च पुन्हा काढून बघितला. नोंदवलेलं हक्कसोडपत्र कुठेच नव्हतं. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, तो महसूल कोणाकडून घ्यायचा एवढ्यापुरता कागद, हे कायद्यात पक्कं ठरलेलं आहे. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७ आडवं येतं. तसं मी असोसिएट सरांना सांगितलं. त्यांनी खुर्ची वळवली आणि म्हणाले, “बरोबर. आता भावांच्या वकिलाच्या जागी बस. काय म्हणशील?”

मला काही सुचलं नाही. ते म्हणाले, “वाटणी तोंडी होऊ शकते की नाही? घरात बसून आधीच ठरलं असेल आणि तलाठ्याला फक्त कळवलं असेल, तर?” मग त्यांनी एक नाव कागदावर लिहून दिलं: काळे विरुद्ध डेप्युटी डायरेक्टर ऑफ कन्सॉलिडेशन, सर्वोच्च न्यायालय, १९७६. उद्या वाचून ये, म्हणाले.

मी त्या रात्री ते वाचलं. कौटुंबिक समझोता तोंडी झालेला असेल आणि नंतरचा कागद ही त्याची केवळ नोंद असेल, तर त्या कागदाला नोंदणी लागत नाही. हक्क त्या कागदानेच निर्माण होत असतील किंवा सुटत असतील तर लागते. म्हणजे मला जो फेरफार सरळसरळ भावांच्या विरोधात वाटला होता, त्याच्या बाजूनेही बोलता येत होतं. दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं की आपल्या फेरफारात आधी काही ठरल्याचा उल्लेख नाही, बहिणींना बदल्यात काय मिळालं हेही नाही, फक्त ‘जबाब दिल्याने’ आहे. ते म्हणाले, “म्हणून आपण हा वाद सोडवायचाच नाही. तो कोर्टाने सोडवायचा. आपण अशिलाला सांगायचं की हा वाद उद्या उभा राहू शकतो, तर आज काय कर.” रिपोर्टमध्ये गेलं ते असं: दोन्ही बहिणींनी, त्यातली कोणी हयात नसेल तर तिच्या वारसांनी, नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं किंवा करारात मान्यता देणार म्हणून सह्या कराव्यात.

सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं बोलणं. तोवर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या तासांना बसून जे झालं नव्हतं ते त्यात झालं, आणि कॉलेजच्या शिक्षकांचा अवमान करायचा हेतू नाही, पण झालं ते झालं.

त्या फायलीच्या निमित्ताने तुमच्या वृत्तपत्राशी माझा एक नवाच संबंध जुळला. आतल्या पानावर ‘जाहीर नोटीस’ येते ना, ‘तमाम जनतेस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात, मग हक्क, हितसंबंध, गहाण, दान, वारसा, बोजा अशी लांबण, आणि शेवटी चौदा दिवसांत लेखी पुराव्यासह न कळवल्यास हक्क सोडून दिला असं समजण्यात येईल? ती मी लिहिली. मराठी आणि इंग्रजी, दोन पेपरांत आली. मी सरांना विचारलं की त्या बहिणी हे पान वाचणार का. ते हसले आणि म्हणाले की वाचलं नाही म्हणून कोणाचा हक्क जात नाही. घेणाऱ्याने चौकशी केली होती एवढं दाखवायला ती असते. तेव्हापासून मी तुमचं ते पान आधी वाचते. बहिणींचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मधेच माझे चार आठवडे संपले. नंतर विचारायची सोय नसते आणि मी विचारलंही नाही. ती माहिती अशिलाची.

हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. ते बोलणं झालं कारण एका माणसाला त्या दिवशी वेळ होता आणि मुळात शिकवण्याची आवड होती. त्याच मजल्यावर माझ्याबरोबर आलेल्या एका इंटर्नला शेवटपर्यंत स्कॅनिंगच मिळालं. तिने विचारायचं कोणाला, हेच ठरलेलं नव्हतं. निघताना आम्हा दोघींना मिळालेल्या प्रमाणपत्रांत नाव सोडलं तर अक्षराचाही फरक नव्हता. दोघीही ‘प्रामाणिक आणि मेहनती’.

फर्मची बाजूही ऐकली. एक पार्टनर मॅडम स्पष्ट बोलल्या. इंटर्नला काम समजेपर्यंत चार आठवडे होतात, तो जातो, पुढचा येतो. आम्ही दर वेळी तेच शिकवायचं आणि वर पैसेही द्यायचे? त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ही चार आठवड्यांची अट विद्यार्थ्यांनी घातलेली नाही.

यापेक्षा मला जास्त खटकतं ते डायरीचं प्रकरण. अभ्यासक्रमातल्या सक्तीच्या प्रात्यक्षिकाच्या पेपरात अशिलाच्या मुलाखती, खटल्याची पूर्वतयारी आणि इंटर्नशिप डायरी यांना मिळून ३० गुण आहेत. विद्यार्थ्याने वकिलाच्या ऑफिसात किंवा विधी सहाय्य केंद्रात अशिलांच्या दोन मुलाखती बघायच्या आणि काय बोलणं झालं ते डायरीत लिहायचं. ती डायरी कॉलेजात जमा होते, परीक्षक वाचतात, नंतर ती कुठल्या कपाटात पडते कोणास ठाऊक. दुसरीकडे फर्मने पहिल्याच दिवशी माझ्याकडून गोपनीयतेच्या हमीपत्रावर सही घेतली, आणि ते योग्यच होतं. मग डायरीत लिहायचं काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये अशिलाचं गुपित राखण्याचं बंधन वकिलांबरोबर दुभाषी, वकिलांचे कारकून आणि कर्मचारी यांनाही घातलं आहे. इंटर्नचा उल्लेख नाही. पगार नाही म्हणून कर्मचारी म्हणावं की नाही हा प्रश्न, कारकून तर नव्हेच. तलाठ्याचं अक्षर वाचून दाखवायचे तेव्हा फार तर मी दुभाषी होते.

कायदा करणाऱ्यांना बिनपगारी माणूस दिसतच नाही असंही नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बघा. त्यातल्या ‘कर्मचारी’च्या व्याख्येत मोबदला मिळो न मिळो, प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊसुद्धा येतात. म्हणजे लिहायचं ठरवलं की लिहिता येतं.

डायरीवर विद्यार्थ्यांनी काढलेला तोडगा सांगितला तर परीक्षकांना धक्का बसणार नाही, कारण त्यांना तो माहीत आहे. मागच्या बॅचच्या डायऱ्या फिरतात. घटस्फोटाचा एक अर्ज आणि धनादेश न वटल्याची एक तक्रार, याच दोन मुलाखती मी एकाच वर्षीच्या कितीतरी डायऱ्यांत वाचल्या आहेत. नोटिशीनंतरची पंधरा दिवसांची मुदत सगळ्यांची बरोबर असते, अशील मात्र एकच. ज्याने खरंच काम केलं त्याला लिहिता येत नाही आणि ज्याने केलं नाही त्याची डायरी भरगच्च. नावं, गावं, आकडे काढून टाकून फक्त कायद्याचा प्रश्न आणि त्यावर आपण काय केलं एवढंच लिहायचं, असा नमुना कॉलेजने किंवा विद्यापीठाने ठरवून दिला तरी हा तमाशा निम्मा थांबेल. माझी फेरफाराची गोष्ट मी वर ज्या पद्धतीने लिहिली, तशी.

इतर व्यवसायांत काय चालतं ते पाहा. सीएच्या आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीची, नोंद इन्स्टिट्यूटकडे होते, किमान स्टायपेंड नियमाने ठरलेलं असतं, एका सीएने किती आर्टिकल घ्यायचे यालाही मर्यादा आहे. ती मुलं खूष असतात असं मी म्हणत नाही. माझा मामेभाऊ आर्टिकलशिप करतोय आणि त्याच्या तक्रारी माझ्यापेक्षा लांबलचक आहेत. पण त्याला तक्रार कशाच्या आधारे करायची ते माहीत आहे.

वकिलीतही असा प्रयत्न झाला होता. बार कौन्सिलने १९९५ मध्ये सनदेआधी वर्षभराच्या प्रशिक्षणाचे नियम केले. व्ही. सुधीर प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण १९६१ च्या अधिवक्ता कायद्यातली प्रशिक्षणाची तरतूद संसदेने १९७३ मध्येच काढून टाकली होती. पुढे १० फेब्रुवारी २०२३ ला, बार परीक्षेच्या वैधतेचा निकाल देताना, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सुधीरमधली भूमिका योग्य नसल्याचं सांगितलं. म्हणजे सनदेआधी काय अट घालायची, याचा अधिकार कौन्सिलला आहे हे आता स्पष्ट झालं. अधिकार वापरायचा तर दोन्ही बाजूंना बांधेल असा वापरावा, एवढंच मागणं आहे. ३० जुलै २०२४ ला गौरव कुमार प्रकरणात याच न्यायालयाने सनदेच्या नोंदणीसाठी खुल्या प्रवर्गाकडून ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घ्यायला मनाई केली. भरमसाट फी ही दुर्बल घटकांच्या वाटेतली आडकाठी आहे, हे त्यामागचं म्हणणं. त्याच घटकांतला विद्यार्थी वीस आठवडे स्वतःच्या खर्चाने कुठे आणि कसा काढतो, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

स्टायपेंडची सक्ती लगेच होईल असं मला वाटत नाही आणि झाली तर छोट्या ऑफिसांची दारं आणखी बंद होतील, ही भीतीही खरी आहे. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या तालुक्याच्या वकिलाला इंटर्नला पैसे द्या म्हणणं फारसं न्याय्य नाही. मोठ्या फर्मनी निदान प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च द्यायला हरकत नसावी. ज्या फायलीवर मी बसले तिच्या फीमधून तो सहज निघाला असता. पण पैशाआधी एक पान हवं. इंटर्नशिप सुरू होताना दोन्ही बाजूंनी सही करायचं एक पान: इंटर्न कोणाच्या हाताखाली, आठवड्यातून एकदा तरी तो वकील तिच्याशी झालेल्या कामाबद्दल बोलेल, आणि शेवटी प्रमाणपत्रावर तिने काय काम केलं ते दोन ओळींत लिहील. याला खर्च येत नाही. असं पान असतं तर माझ्याबरोबरच्या त्या मुलीला निदान कोणाच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं ते कळलं असतं.

आणि एक गोष्ट तर नव्याने मागायचीही नाही. त्याच २००८ च्या नियमावलीत, इंटर्नशिपच्या नियमाला लागूनच, सव्विसावा नियम आहे. प्रत्येक राज्य बार कौन्सिलने किमान दहा वर्षं प्रॅक्टिस झालेल्या, सुट्टीत इंटर्न घ्यायला तयार असलेल्या वकिलांची जिल्हावार यादी करण्याचा प्रयत्न करावा. ती बार कौन्सिल ऑफ इंडियाने संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी आणि कॉलेजांनाही द्यावी. मी आमच्या कॉलेजच्या ऑफिसात आणि ग्रंथालयात ही यादी मागितली. ऑफिसातल्या सरांनी आधी नियमावलीच मागितली. ती मी मोबाइलवर दाखवली. त्यांनी शांतपणे वाचली, म्हणाले, “अगं, हे चांगलं आहे की!” यादी मात्र त्यांच्याकडे नव्हती.

आमच्या जिल्हा न्यायालयातच दहा वर्षांहून जास्त प्रॅक्टिस झालेले कितीतरी वकील आहेत. त्यांच्याकडे वाटणीचे दावे आहेत, कुळवहिवाटीची प्रकरणं आहेत, भूसंपादनाची अपिलं आहेत. मला मुंबईला जाऊन जे पाहायला मिळालं त्यातलं बरंचसं इथेच मिळालं असतं. त्यांना कोणी विचारलेलं नाही आणि आम्हाला कोणाला विचारायचं ते माहीत नाही. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने येत्या सुट्टीआधी निदान दोन-चार जिल्ह्यांपुरती यादी करून बघावी. तोवर, हे पत्र वाचणाऱ्या वकिलांपैकी ज्यांची दहा वर्षं झाली आहेत त्यांनी आपापल्या जिल्ह्यातल्या विधी महाविद्यालयाला एक ओळ लिहून कळवावी: इंटर्न घेतो, इतके घेतो, अमुक महिन्यात घेतो. यादी टाइप करायचं काम आम्ही विद्यार्थी करू. पेजिनेशनसकट.

आपली,
विधी शाखेची एक विद्यार्थिनी
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)